आरएसएफचा रिव्ह्यू, जळगाव जिल्ह्यातून: नंबर सोडा, आत काय मिळतं ते बघा

दरवर्षी मे महिना लागला की आमच्या पत्रकारांच्या ग्रुपवर जगाचा एक नकाशा फिरतो, काही देश हिरवे, काही पिवळे, काही केशरी आणि आपला देश गडद लाल. खाली लिहिलेलं असतं की पत्रकारितेच्या स्वातंत्र्यात भारत अमुक नंबरवर. मग दिवसभर नुसता वाद, अर्धे म्हणतात बघा कशी वाट लावली, अर्धे म्हणतात हे गोरे लोक मुद्दाम आपल्याला बदनाम करून राहिले, आणि संध्याकाळी कुणीतरी भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर टाकतो की विषय संपला. पण हा नकाशा काढणारी आरएसएफ नावाची संघटना आहे कोण, ती नकाशा सोडून बाकी वर्षभर काय करते, आणि तालुक्यात गाडीवर फिरून बातम्या करणाऱ्या माणसाला तिचा काडीचा तरी उपयोग आहे का, हे कुणी विचारत नाही. मी जरा खोदून बघितलं, इथे बसून जेवढं वापरता येतं तेवढं वापरूनही बघितलं. लोक शेवभाजीच्या ढाब्यांचे रिव्ह्यू लिहितात, मी ह्याचा लिहितो.

ओळख पटकन उरकतो. नाव रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स, फ्रेंच नावाची आद्याक्षरं घेऊन सगळे आरएसएफ म्हणतात. १९८५ ला फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात काही पत्रकारांनी सुरू केली, आता मुख्य ऑफिस पॅरिसला. संयुक्त राष्ट्रांत आणि युनेस्कोत सल्लागाराचा दर्जा आहे. पैसा येतो तो देणग्यांमधून, मोठ्या फाउंडेशनकडून, युरोपातल्या सरकारी अनुदानांतून आणि एक मजेशीर गोष्ट म्हणजे हे लोक वर्षातून तीनदा फोटोंचा अल्बम छापून विकतात, त्यातूनही येतो. ज्या रोबेर मेनारने ही संघटना उभी केली तो २००८ ला तिथून बाहेर पडला आणि २०१४ ला तिथल्या कट्टर उजव्या पक्षाच्या पाठिंब्यावर बेझिए शहराचा महापौर झाला. म्हणजे माणूस कुठून कुठे जाईल ते सांगता येत नाही ही गंमत फक्त आपल्याच जिल्ह्यात नाही. संघटना मात्र त्याच्यामागे गेली नाही, तिचं काम चालू राहिलं, हे तिच्या बाजूने लिहून ठेवतो.

आता तो नंबर. त्याच्यावर एवढी भांडणं होतात म्हणून जरा नीट सांगतो. यादी २००२ पासून निघते, त्या पहिल्या यादीत भारत ८० वर होता. आता १८० देश मोजतात. २०२२ पासून पद्धत बदलली, पाच कप्पे केले, राजकीय, आर्थिक, कायद्याचा, सामाजिक-सांस्कृतिक आणि पत्रकारांच्या सुरक्षिततेचा. प्रत्येक देशातले पत्रकार, संशोधक, प्राध्यापक, मानवाधिकारवाले यांच्याकडून एक लांबलचक प्रश्नपत्रिका भरून घेतात, वर्षभरात किती पत्रकार मारले गेले, किती आत टाकले त्याची मोजदाद त्यात मिळवतात आणि ० ते १०० मध्ये गुण देतात. भारत २०२२ ला १५०, २०२३ ला १६१, २०२४ ला १५९, २०२५ ला १५१. नॉर्वे बरीच वर्षं एक नंबर सोडत नाही.

आपल्या सरकारने संसदेत सांगितलेलं आहे की आम्हाला ही यादी मान्य नाही, नमुना फार छोटा आहे, लोकशाहीच्या मूलभूत गोष्टींना वजन दिलेलं नाही आणि पद्धत पारदर्शक नाही. ह्यातलं छोट्या नमुन्याचं म्हणणं मला पूर्ण खोटं वाटत नाही, मूठभर लोकांनी भरलेल्या कागदावरून एवढ्या मोठ्या देशाचा हिशोब करायचा म्हणजे धुळ्याच्या बातमीदाराचं मत त्यात कुठून येणार. पण म्हणून यादी फेकून द्यायची असंही नाही, फक्त नंबर बघू नका, गुण बघा. २०२३ ला भारताला ३६.६२ गुण होते आणि २०२४ ला ३१.२८. म्हणजे गुण चांगले पाचेकांनी पडले आणि तरी नंबर दोनने वर गेला, का तर दुसरे देश आपल्याहून जास्त आपटले. आणि आमच्या ग्रुपवर त्या वर्षी एका भाऊने टाळ्यांचे इमोजी टाकले होते की भारताची प्रगती. हे एवढं जरी लोकांनी समजून घेतलं तरी मे महिन्यातली निम्मी भांडणं वाचतील.

दुसरी गोष्ट, आकडे नेहमी दोन ठिकाणचे ताडून बघायचे. न्यूयॉर्कला कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स म्हणून संघटना आहे, १९८१ ची, सीपीजे म्हणतात. २०२४ मध्ये जगात किती पत्रकार मारले गेले तर आरएसएफ सांगते ५४ आणि सीपीजे सांगते किमान १२४. तुरुंगातल्यांचं उलटं, आरएसएफ ५५० आणि सीपीजे ३६१. कोणी खोटं बोलत नाहीये, कुणाला पत्रकार धरायचं, कामामुळेच मारलं हे किती पक्कं झाल्यावर मोजायचं, कुठल्या तारखेची मोजणी, हे दोघांचं वेगळं आहे. पण आपण बातमीत आकडा टाकताना कुणाचा आहे ते लिहीत नाही आणि मग वाचणाऱ्याचा विश्वास उडतो तो उडतोच.

२०२५ च्या अहवालात एक गोष्ट त्यांनी ठळक केली ती मला एकदम घरची वाटली. त्यांनी म्हटलं की आता पत्रकारितेला सगळ्यात मोठा त्रास पैशाचा आहे, आर्थिक कप्प्याचे गुण जगभर तळाला गेलेत. अरे, हे तर पाचोरा, पारोळा, चोपडा कुठेही येऊन विचारा. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो, मानधन असलं तर इतकं की पेट्रोलला पुरत नाही, त्याची कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दिवाळी अंक आणि नेत्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या, प्रत्येकाचं टार्गेट येतं वरून. आता जाहिरात देणारं गावात कोण असतं? वाळूचा ठेका घेणारा, शिक्षणसंस्थेचा चेअरमन, जिनिंगवाला, पतसंस्थावाला, बाजार समितीचा सभापती. बातमी पण ह्यांच्याचवर असते. मग कुणाला बातमी दाबायला फोन करायची गरजच पडत नाही, वार्ताहर लिहायच्या आधीच मनातल्या मनात हिशोब करतो की ही बातमी गेली तर पुरवणीचं पान गेलं. त्यात केस नाही, मारहाण नाही, अटक नाही, त्यामुळे कुठल्याच मोजणीत हे सापडत नाही. आरएसएफने निदान ह्याला कप्पा ठेवला हे मला आवडलं. २०१९ ला त्यांनी दिल्लीच्या डेटालीड्स नावाच्या संस्थेबरोबर भारतातली मोठी माध्यमं नक्की कुणाच्या मालकीची आहेत त्याचाही अभ्यास केला होता, तोही चांगला आहे, पण तो मोठ्या घराण्यांपर्यंत थांबतो, जिल्हा दैनिकांपर्यंत येत नाही आणि खरी मजा तिथेच आहे.

बरं, एवढं सगळं झालं तरी यादी हा शोकेसमधला माल. दुकानात आत शिरलं की कामाच्या वस्तू मागच्या रॅकवर आहेत आणि आमच्यापैकी बहुतेकांनी त्या कधी बघितल्याच नाहीत.

पहिली वस्तू मदत. धोक्यात आलेल्या पत्रकाराला वकिलाचा खर्च, दवाखान्याचा खर्च, कॅमेरा फोडला तर नवीन घ्यायला पैसे, काही दिवस गाव सोडून राहावं लागलं तर त्याचा खर्च, अशी आर्थिक मदत ते करतात. पत्रकार म्हणजे कार्डवालाच पाहिजे असा त्यांचा हट्ट नाही, फ्रीलान्स, ब्लॉगवाला, नोकरी नसलेला सगळे चालतात, फक्त तुमचं काम आणि तुमचा धोका खरा आहे का ते तपासतात. युद्धावर जाणाऱ्या फ्रीलान्सरला बुलेटप्रूफ जॅकेट आणि हेल्मेट उसने देतात, विम्याची सोय करून देतात. हे वाचून आमचा एक मित्र म्हणाला की आपल्याकडे कोण गोळी घालून राहिलं भो, आपल्याकडे डंपर अंगावर येतो, डंपरप्रूफ जॅकेट असेल तर विचार. सगळे हसलो, पण हसण्यासारखं नाही ते. २०१८ ला मध्य प्रदेशात भिंडला वाळूमाफियावर स्टिंग केलेल्या संदीप शर्माला ट्रकने चिरडलं. २०२३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात राजापूरला शशिकांत वारिशेंना, रिफायनरीच्या विषयातली बातमी छापून आली त्याच दिवशी, गाडीने उडवलं, दुसऱ्या दिवशी ते गेले आणि खुनाचा गुन्हा दाखल झाला. गिरणेच्या नाहीतर तापीच्या काठावर रात्री मोबाईल घेऊन उभं राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

आता ह्या मदतीतला भारतीय गिऱ्हाईकासाठीचा मोठा अडथळा ऐका, जो मला कुठल्याही फॉरवर्डमध्ये दिसला नाही. आपल्याकडे परदेशी देणगीचा कायदा आहे, एफसीआरए २०१०. त्याच्या कलम ३ मध्ये कुणी कुणी परदेशी पैसा घ्यायचा नाही त्याची यादी आहे, त्यात उमेदवार आहेत, आमदार-खासदार आहेत, सरकारी नोकर आहेत, न्यायाधीश आहेत आणि नोंदणी असलेल्या वर्तमानपत्राचे बातमीदार, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक, मालक, मुद्रक, प्रकाशक हे पण आहेत. इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून बातम्या देणाऱ्या कंपन्या आणि त्यांचे बातमीदारही त्यात आहेत. पगार किंवा केलेल्या कामाचा मोबदला वेगळा, त्याला कलम ४ मध्ये सूट आहे, पण मदत म्हणून आलेली रक्कम म्हणजे सरळ भानगड. म्हणजे विचार करा, तुमच्यावर केस झाली, पॅरिसहून वकिलाच्या फीसाठी काही युरो खात्यात आले, तर पहिली केस राहिली बाजूला आणि दुसरी अंगावर. सीए आणि वकील दोघांना विचारल्याशिवाय असा अर्ज करायचाच नाही. ह्यात आरएसएफचा दोष नाही, पण रिव्ह्यू म्हटलं की हे सांगावंच लागेल, सगळ्यात भारी वस्तूची डिलिव्हरी आपल्या पिनकोडला जवळजवळ होत नाही. साइटवर हे भारतातल्या माणसाला दिसेल असं ठळक लिहायला पाहिजे.

दुसरी वस्तू, जी डिलिव्हरीशिवाय मिळते, ती डिजिटल सुरक्षा. बर्लिनला त्यांची लॅब आहे, पत्रकाराच्या फोनमध्ये पेगाससछाप हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसलंय का ते तपासते, ते आपल्यासाठी लांबचं. पण हेल्पडेस्क नावाच्या त्यांच्या साइटवर जे धडे ठेवलेत ना, फुकट, ते खरंच कामाचे आहेत. पासवर्ड कसे ठेवायचे, दोन टप्प्यांचं लॉगिन कसं लावायचं, फोन आणि लॅपटॉप एन्क्रिप्ट कसा करायचा, कुठलं मेसेजिंग वापरायचं, बॅकअप कसा घ्यायचा. ऐकायला एकदम कंटाळवाणं. पण आमच्या ओळखीच्या एकाचं काय झालं ते सांगतो म्हणजे कंटाळा जाईल. तो एका तालुक्यात यूट्यूब चॅनल चालवतो, नदीतून रात्री भरून जाणाऱ्या वाहनांचे व्हिडिओ त्याने बरेच काढले होते. थोड्या दिवसांनी त्याच्यावरच खंडणीचा गुन्हा. हे ठरलेलं असतं हो, आधी सरकारी कामात अडथळा लावतात, पूर्वीचं कलम ३५३, आता नवीन संहितेत ते १३२ झालं, नाहीतर मग खंडणी. फोन जप्त झाला आणि सगळं काही त्या फोनमध्येच, व्हिडिओ, माहिती देणाऱ्यांचे नंबर, चॅट. बॅकअप नाही, आणि लॉक होतं ते बोटाचं. बोट काय, धरून टेकवलं की उघडलं. ज्या दोन पोरांनी त्याला नदीवरून फोन करून माहिती दिली होती ती पोरं पुढे बरेच दिवस गावात दिसली नाहीत. त्याला वाचवायला नंतर तालुक्याचा पत्रकार संघ उभा राहिला, वकीलही फुकट मिळाला, पण त्या पोरांना कोण वाचवणार. हेल्पडेस्कच्या धड्यांतल्या दोन गोष्टी आधी केल्या असत्या, बॅकअप आणि मोठा पासवर्ड, तर नुकसान निम्म्यावर आलं असतं. म्हणून मी म्हणतो नंबरच्या फोटोपेक्षा हा धडा फिरवा.

युनेस्कोबरोबर काढलेलं त्यांचं एक सुरक्षा मार्गदर्शक पण आहे पीडीएफमध्ये, बरंचसं युद्धाबद्दल आहे, भूसुरुंग, अपहरण वगैरे, ते सोडून द्या. मोर्चा आणि दंगल कव्हर करायचा भाग आणि प्रथमोपचाराचा भाग वाचा. रक्त थांबवायचं कसं हे आपल्यातल्या किती जणांना येतं? मला येत नव्हतं.

तिसरी वस्तू माझी सगळ्यात आवडती आणि ती थेट ह्यांची नाही, ह्यांच्या साथीने २०१७ ला सुरू झालेली, फॉरबिडन स्टोरीज. कल्पना एवढी सोपी की वाटतं आपल्याला का नाही सुचली. धोका असलेल्या पत्रकाराने आपलं साहित्य त्यांच्याकडे सुरक्षित ठेवायचं, त्याला काही झालं तर दुसऱ्या देशातले पत्रकार मिळून तीच बातमी पूर्ण करून छापतात. म्हणजे मारणाऱ्याला कळलं पाहिजे की माणूस मारून बातमी मरत नाही, उलट दहापट मोठी होते. २०१९ ला त्यांनी पर्यावरणाच्या बातम्यांवर जे काम केलं त्यात तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वाळूउपशाचाही विषय होता. मी हे आमच्या पोरांना सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच कुणी मोबाईलमधून मान वर काढली. पॅरिसला नाही पाठवायचं तर नका पाठवू, पण हेच आपण तालुक्या-तालुक्यात करू शकतो की. चाळीसगावच्या माणसाचं साहित्य चोपड्याच्या माणसाकडे, चोपड्याच्याचं शिरपूरला, एकाला हात लागला की बाकी पाच जण एकाच दिवशी तीच बातमी लावणार. अडचण एकच, आपल्यात एक्सक्लुझिव्हचा जीव अडकलेला असतो आणि एकमेकांवर भरवसा नसतो.

एक वस्तू नुसती बघायला म्हणून. माझा भाचा माइनक्राफ्ट खेळतो, त्याला विचारलं की ह्यात एक लायब्ररी आहे म्हणतात, दाखव. दाखवली राव. २०२० च्या मार्चमध्ये आरएसएफने त्या गेममध्ये एक अवाढव्य वाचनालय बांधून घेतलं, खांब, घुमट, सगळं. ज्या देशांत बातम्या नाहीतर बातमीदार दाबले जातात, इजिप्त, मेक्सिको, रशिया, सौदी, व्हिएतनाम, तिथले दडपलेले लेख आत पुस्तकं म्हणून ठेवलेत. गेमवर बंदी नसते ना, मग गेममधून वाचा. भाचा तिथे पुस्तकं सोडून खांबावर चढून राहिला होता, पण चालायचंच. बंद केलेल्या वेबसाइटींच्या हुबेहूब कॉप्या मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या सर्व्हरवर ठेवायचं कामही ते २०१५ पासून करतात, बंद करायची तर अख्खा सर्व्हर बंद करावा लागेल, मग सरकारचं स्वतःचंच नुकसान. डोकं आहे लोकांकडे.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी भाषेची. मराठीत काही नाही. आमच्या अमळनेरकडच्या एका जुन्या बातमीदार नानांना मी ते धडे लॅपटॉपवर दाखवले, त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "हाई तं समदं इंग्रजीमा शे भाऊ, आम्हले काय समजी?" बरोबर आहे त्यांचं. ज्याला इंग्रजी चांगलं येतं तो दिल्ली-मुंबईत असतो, त्याच्यामागे वकील असतो, संपादक असतो, त्याचं नाव पडल्या पडल्या सगळे निषेध करतात. नानांसारख्याला ह्या धड्यांची गरज जास्त आणि त्याच्यापर्यंत ते पोचत नाहीत. आणि हे तेच अमळनेर आहे जिथे साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून छात्रालय दैनिक काढायचे आणि १९३८ ला त्यांनी काँग्रेस नावाचं साप्ताहिक चालवलं. स्वतंत्र पत्रकारिता आम्हाला नवीन नाही, फक्त हेल्पडेस्क आमच्या भाषेत नाही.

दुसरी तक्रार निषेधाची. एखाद्यावर हल्ला झाला की ते पत्रक काढतात, त्याचा उपयोग होतो, नाही असं नाही, परदेशात नाव गेलं की वरून फोन येतो आणि खालचा अधिकारी जरा जपून वागतो. पण त्यांच्यापर्यंत खबर पोचते ती बहुधा खून झाल्यावर नाहीतर अटक मोठी असेल तर. रोजची धमकी, मानहानीची नोटीस, गाडीची काच फोडणं, जाहिरात बंद करणं ह्याची नोंद कोण करणार? दिल्लीहून होत नाही तर पॅरिसहून काय होणार. ह्या बाबतीत फ्री स्पीच कलेक्टिव्हसारखे आपल्याकडचे गट जास्त जवळचे पडतात.

आणि हो, ज्यांना फक्त कार्ड पाहिजे त्यांनी इथे येऊ नका, आरएसएफ प्रेसकार्ड देत नाही. हे लिहायचं कारण असं की आपल्याकडे आंतरराष्ट्रीय अमुक पत्रकार मानवाधिकार तमुक असं लांबलचक नाव असलेली कार्डं हजार-दोन हजारांत मिळतात, सोबत गाडीवर लावायला स्टिकर फ्री, टोलनाक्यावर चालेल म्हणून सांगतात. अशा कार्डवाल्यांमुळे खऱ्या बातमीदाराला पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न पडतो, तुम्ही पत्रकार कशावरून? ज्याला खरंच आंतरराष्ट्रीय कार्ड पाहिजे त्याने इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ जर्नलिस्ट्सच्या सदस्य युनियनमधून जायचं, तो रस्ता वेगळा.

तुलना करायची तर आपल्या घरच्या सोयीशी करावी लागेल. पत्रकारांवर हल्ल्याविरोधात वेगळा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य, २०१७ ला विधिमंडळात पास झाला, राष्ट्रपतींची सही होऊन २०१९ ला लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, अजामीनपात्र, तपास डीवायएसपीच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. कागदावर आरएसएफच्या कुठल्याही पत्रकापेक्षा हे शंभरपट जोरदार. पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये पाचोऱ्यात भरदिवसा पत्रकाराला मारहाण झाली, तेव्हा राज्यभरच्या संघटनांनी ह्याच कायद्याच्या प्रती जाळल्या, कारण कलम लावतच नाहीत हो, साधी एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, घेऊन वाटेला लावतात. खोटी तक्रार केली तर पत्रकारालाच शिक्षा हेही त्याच कायद्यात आहे, ठाण्यात ते मात्र लगेच वाचून दाखवतात. सहा जानेवारीला पत्रकार दिनाला दर्पणचे गोडवे गाऊन शाल, श्रीफळ सगळं मिळतं. तीन मे हा जागतिक पत्रकार स्वातंत्र्य दिन, त्या दिवशी तालुक्यात चहासुद्धा कुणी पाजत नाही.

तरी रात्री अकराला ठाण्याच्या बाहेर कोण उभं राहतं, तर तालुका पत्रकार संघच, मग त्यात कितीही गट असोत, कितीही रुसवेफुगवे असोत. हे काम आरएसएफ करू शकत नाही आणि तिने करावं अशी अपेक्षाही नाही. उलट तालुका संघाला जे येत नाही, फोन कसा वाचवायचा, पुरावा कसा जपायचा, बातमी दुसऱ्याकडे कशी सुरक्षित ठेवायची, ते आरएसएफकडे तयार पडलेलं आहे.

स्टार द्यायचे तर असे देतो. नंबरच्या यादीला अडीच, तेही आर्थिक कप्प्यामुळे, नाहीतर दोनच. पैशाच्या मदतीला आपल्याकडून बघितलं तर एक, सोमालियातल्या नाहीतर अफगाणिस्तानातल्या पत्रकाराने दिले तर कदाचित पाच देईल, तिथे ह्या पैशावर माणसं जीव वाचवून देशाबाहेर पडलीत. डिजिटल धड्यांना साडेचार, अर्धा भाषेचा कापला. फॉरबिडन स्टोरीजच्या कल्पनेला पूर्ण पाच. देणगी द्यायची का असं एकाने विचारलं, तर माझं मत, पॅरिसला देण्याआधी आपल्याकडच्या स्वतंत्र पोर्टलची वर्गणी भरा, पी. साईनाथांच्या पारी ह्या ग्रामीण भारतावरच्या पोर्टलवर मराठीतही वाचायला भरपूर आहे, तिथून सुरुवात करा.

मी त्या धड्यांमधलं आपल्या कामाचं तेवढं मराठीत उतरवून घेतलंय, फोनचं लॉक, बॅकअप, सिग्नल हे मेसेजिंगचं ॲप कसं वापरायचं, जप्तीचा पंचनामा होताना काय लिहून घ्यायचं. हे शेवटचं मात्र आमच्या वकील मित्राने सांगितलेलं, ते परदेशी धड्यात नाही. भाषा घरचीच ठेवलीय, नानांना वाचून दाखवली, त्यांनी दोन शब्द बदलायला लावले आणि एक प्रत ठेवून घेतली. ज्याला पाहिजे त्याला पीडीएफ पाठवतो. धडगाव-अक्कलकुव्याकडे नेट नीट चालत नाही म्हणून तिकडच्या पोरांसाठी झेरॉक्स काढून नंदुरबारच्या एसटीत ड्रायव्हरकडे देतो, कुणीतरी स्टँडवर उतरवून घ्या फक्त.